पंचनाम्याला आलेला दुसरा कर्नल

सर्व्हरवरचा लिनक्स कर्नल कोसळला की त्या क्षणाची मेमरी जशीच्या तशी उतरवून घेणारी व्यवस्था म्हणजे केडंप. थोडी मेमरी आधीच राखून तिथे दुसरा कर्नल बसवून ठेवायचा. पहिला पडला की हा उठतो आणि पंचनामा करतो. लिनक्समध्ये ही सोय २००५ साली आली, ६४ बिटांच्या आर्म प्रोसेसरांवर मात्र २०१७ मध्ये, ४.१२ आवृत्तीत. आर्म सर्व्हरवर पंचनामाच फसला तर ‘राखीव मेमरी वाढवा’ हा सल्ला हमखास मिळतो. मेमरी अपुरी पडून दुसरा कर्नल मरत असेल तर तो रास्तच. ६४ केबीची पाने वापरणाऱ्या कर्नलला ती जास्त लागतेही. पण अवघड अपयशांचे मूळ दुसरीकडे आहे: दोन कर्नलांच्या मध्ये रीसेट होत नाही. फर्मवेअर यंत्र झाडूनपुसून हाती देत नाही, पहिल्याचा अर्धवट पसारा तसाच दुसऱ्याच्या गळ्यात पडतो.

एसीपीआय तक्त्यांचे प्रकरण पाहा. दुसऱ्या कर्नलला सांगितलेले असते की राखून ठेवलेला तुकडा तेवढा तुझा. यंत्राचे वर्णन करणारे हे तक्ते त्या तुकड्याबाहेर राहत, म्हणून कर्नल त्यांना रॅम न समजता उपकरणाची मेमरी समजे. आर्ममध्ये अशा मेमरीतून आडव्यातिडव्या पत्त्यावरचा आकडा वाचता येत नाही आणि एसीपीआयचा कोड तर तसाच वाचतो. परिणामी पंचनाम्याला आलेलाच उंबरठ्यावर कोसळे. २०१८ च्या ४.१९ आवृत्तीत हे निस्तरले, आणि त्यासाठी राखीव मेमरीचा आकडा वाढवावा लागला नाही. एसएमएमयूची, म्हणजे उपकरणे आणि मेमरी यांच्यामधल्या आर्मच्या द्वारपालाची, गोष्ट तर जवळजवळ विनोदी आहे. जुन्या कर्नलने सुरू केलेला डीएमए, म्हणजे उपकरणांचे थेट मेमरीत लिहिणे-वाचणे, आत घुसू नये म्हणून दुसरा कर्नल या द्वारपालाकरवी येणारे सगळेच व्यवहार तोडून टाकी. मग डिस्क आणि नेटवर्क कार्डही त्याच दारामागे असतील तर डंप बाहेर जाणार कुठून? २०१९ पासून तो द्वारपालाची नव्याने मांडणी करतो आणि जुन्या कर्नलच्या वेळेपासून चालू असलेल्या उपकरणांच्या तक्रारी तेवढ्या कानाआड करतो.

मग आर्मच कच्चा म्हणायचा का? इंटेलच्या आयओएमयूवरही, म्हणजे तिथल्या द्वारपालावरही, हेच दुखणे होते. तिथे पहिल्या कर्नलचे द्वारपालाचे तक्ते उतरवून घेण्याची सोय २०१५ मध्ये झाली, म्हणजे केडंप आल्यावर दहा वर्षांनी. आधी रीसेट करून मग डंप घ्यावा, ही सूचना वरवर सोपी वाटते. पण रीसेटनंतर फर्मवेअर रॅम नव्याने जुळवते आणि ज्याचा पंचनामा करायचा तेच पुसले जाऊ शकते. म्हणून दुरुस्ती पसारा ओळखण्यातच आहे. आर्मच्या इंटरप्ट कंट्रोलरचे एलपीआय (संदेशरूपाने येणाऱ्या इंटरप्टांचे) तक्ते याचे चांगले उदाहरण: काही चिपांवर ते एकदा चालू झाले की रीसेटशिवाय बंदच होत नाहीत, तेव्हा दुसरा कर्नल निमूटपणे पहिल्याचेच तक्ते वापरतो. राहता राहिली चाचणी. ती बहुधा रिकाम्या यंत्रावर, मुद्दाम कर्नल पाडून उरकली जाते. तेव्हा नेटवर्क कार्ड शांत असते आणि इंटरप्ट बंद करून अडकलेला एकही कोअर नसतो; म्हणजे खरा पसारा चाचणीत दिसतच नाही.