इंदिरा गांधी आणि पर्यावरण : दोन निर्णय

राजकीय नेत्याच्या कार्याचे मूल्यमापन करताना जमेची आणि नावेची बाजू समोरासमोर मांडून वजाबाकी करण्याचा मोह अनेकांना होतो. इंदिरा गांधींच्या पर्यावरणविषयक कार्याच्या बाबतीत ही रीत फारशी उपयोगी पडत नाही. त्यात जे स्तुत्य आहे आणि जे आक्षेपार्ह आहे, ते बव्हंशी एकाच उगमातून आलेले आहे.

१४ जून १९७२ रोजी स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी पर्यावरण परिषदेत त्यांनी केलेले भाषण प्रसिद्धच आहे. यजमान स्वीडनचे पंतप्रधान सोडले, तर त्या परिषदेस जातीने उपस्थित राहिलेल्या त्या एकमेव शासनप्रमुख होत. दारिद्र्य आणि गरज हीच सर्वांत मोठी प्रदूषके नव्हेत काय, हा त्यांचा प्रश्न पुढे वारंवार उद्धृत झाला. आणि जवळजवळ तितक्याच वेळा त्याचा विपर्यासही झाला. गरीब माणूस सृष्टीचा शत्रू आहे, असे त्यांना म्हणावयाचे नव्हते. वनांत व वनांच्या आसपास राहणाऱ्यांच्या पोटापाण्याची सोय होत नाही, तोवर त्यांना वनांपासून दूर ठेवता येणार नाही, हा त्या प्रतिपादनाचा गाभा होता. पुढील हकिकत वाचताना वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण अधिनियम आला. १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, १९७४ मध्ये जलप्रदूषणविरोधी कायदा झाला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे राज्यसंस्थेचे आणि नागरिकाचेही कर्तव्य ठरविले आणि वने हा विषय राज्यांच्या सूचीतून समवर्ती सूचीत नेला. ही दुरुस्ती आणीबाणीत, विरोधी पक्षांचे अनेक नेते कारावासात असताना संमत झाली, हे विसरून चालणार नाही. लोकसंख्येचा भार कमी करण्याच्या नावाखाली १९७६-७७ या एका वर्षात सुमारे ८० लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतील कितीतरी सक्तीने, तोही हाच काळ. १९८० च्या वनसंवर्धन अधिनियमाने वनजमीन अन्य कामासाठी देण्यापूर्वी केंद्राची अनुमती आवश्यक केली. त्याआधीच्या तीन दशकांत सरासरीने दरवर्षी दीड लाख हेक्टर वनजमीन अशा कामांसाठी जात होती, असे सरकारी आकडे सांगतात; अधिनियमानंतर हा वेग पुष्कळच मंदावला. या साऱ्या उपायांत एक समान सूत्र दिसते : निर्णयाचा अधिकार दिल्लीकडे.

हा अधिकार काय साधू शकतो, याचे उत्तम उदाहरण केरळातील सायलेंट व्हॅली हे होय. पालघाट जिल्ह्यातील कुंतीपुळा नदीवर धरण बांधून वीजनिर्मिती करण्याच्या योजनेस नियोजन आयोगाने १९७३ मध्ये संमती दिली होती. मलबारचा भाग विजेसाठी आसुसलेला होता आणि सत्तेवर कोणताही पक्ष असो, राज्याचे शासन योजनेचा आग्रह धरीत होते. धरणाखाली जाणारे क्षेत्र सुमारे ८३० हेक्टरांचे. पण ते सिंहपुच्छ वानरांसारख्या दुर्मीळ प्राण्यांचे सदाहरित अरण्य होते. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने योजनेचे दावे आकडेवारीने तपासले आणि विजेचे अन्य पर्याय मांडले. सुगतकुमारींसारख्या कवींनी हा प्रश्न घरोघर पोहोचविला. शासनाच्या मागणीला उत्तर देताना विरोधकांनी नुसत्या भावनेवर विसंबून न राहता हिशेब मांडला, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. प्रा. एम. जी. के. मेनन यांच्या समितीचा अहवाल आल्यावर १९८३ मध्ये योजना सोडून देण्यात आली. इंदिरा गांधींनी आपले वजन अरण्याच्या पारड्यात टाकले नसते, तर परिषदेचे सारे हिशेब बहुधा फायलींतच राहिले असते.

याच सुमारास राजस्थानात भरतपूर येथे वेगळेच घडत होते. तेथील केवलादेव घना ही पाणथळ भूमी म्हणजे पक्ष्यांचे माहेरघर; सायबेरियातून येणारे श्वेत क्रौंच तेथे हिवाळा घालवीत. १९८२ मध्ये तिला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास १९७२ च्या अधिनियमाने मनाई असल्यामुळे परिसरातील गावांच्या म्हशींना बंदी झाली. पिढ्यान् पिढ्या त्या तेथे चरत आल्या होत्या. चराईला पर्यायी सोय मात्र झाली नव्हती. म्हणजे स्टॉकहोमच्या भाषणातली अटच पाळली गेली नव्हती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात गावकरी बंदी मोडून आत शिरू लागले, तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात काही जण ठार झाले.

सायलेंट व्हॅलीत दिल्लीने लोकांचे ऐकले, कारण त्यांच्या बाजूने शास्त्रज्ञ बोलत होते. भरतपुरात शास्त्रज्ञ बंदीच्या बाजूचे होते. थोर पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांचाही बंदीला पाठिंबा होता. म्हशी पाळणाऱ्यांचे पाणथळ भूमीविषयीचे ज्ञान ज्ञान म्हणून कोणी विचारातच घेतले नाही.

पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, म्हणजे सलीम अलींच्याच संस्थेने, तेथे केलेल्या प्रदीर्घ अभ्यासातून निराळेच चित्र समोर आले. म्हशी नाहीशा झाल्यावर पाण्यातले गवत बेसुमार माजले, उथळ जलाशय त्याने कोंदून गेले आणि अनेक पाणपक्ष्यांना चरण्यास मोकळे पाणी उरेना. ज्या पक्ष्यांसाठी बंदी घातली, त्यांचेच तिने नुकसान केले होते. हे निष्कर्ष बाहेर आले, तेव्हा इंदिरा गांधी हयात नव्हत्या.