‘पास आउट’ झालो म्हणजे नेमकं काय झालं? फ्रेजल व्हर्ब्जची गंमत आणि गोची

पुण्यात नोकरीच्या मुलाखतीत एखाद्या उमेदवाराने ‘आय पास्ड आउट इन २०२२’ असं सांगितलं, तर कोणालाच काही खटकत नाही. पदवी मिळाली, विषय संपला. हेच वाक्य न्यूयॉर्कच्या क्लायंटसमोर बोललं, तर त्याला भलतंच ऐकू येतं: हा माणूस २०२२ मध्ये बेशुद्ध पडला होता! ब्रिटनमध्ये लष्करी प्रशिक्षण संपल्यावर ‘पासिंग आउट’ परेड होते, पण कॉलेजची पदवी मिळाली की तिथेही ‘ग्रॅज्युएट’ झालो असंच म्हणतात.

दोन्ही शब्द ओळखीचे आणि अर्थ मात्र तिसराच. यालाच म्हणतात फ्रेजल व्हर्ब. एक साधं क्रियापद आणि त्याला चिकटलेला अप, डाउन, ऑफ, आउट असा छोटा शब्द. ‘गिव्ह’ म्हणजे देणं, ‘अप’ म्हणजे वर. पण ‘गिव्ह अप’ म्हणजे नाद सोडणं. कधी दोन शेपट्या असतात. ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणं.

हे नाव १९२५ साली लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या पुस्तकामुळे रूढ झालं. डोकेदुखी मात्र त्याहून जुनी. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच मान्य केलं होतं की, परक्या माणसाला सगळ्यात जड जाते ती ही क्रियापदांची जोडाजोड.

खरं तर मराठी माणसाला हा प्रकार नवा नाही. ‘भात खाऊन टाक’ म्हणताना कोणी भात टाकून देत नाही. ‘तो नको ते बोलून बसला’ यात बसायला खुर्ची लागत नाही. ‘टाकणे’ इथे काम संपवल्याचं सांगतं. इंग्रजीतला ‘अप’ अनेकदा नेमकं हेच करतो: ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपव.

मग अडतं कुठे? आपण पुस्तकातून शिकतो ते इंग्रजी अर्ज-विनंत्यांचं. त्यात ‘पोस्टपोन’, ‘टॉलरेट’, ‘इन्व्हेस्टिगेट’ असे लॅटिन वळणाचे शब्द असतात. बोलताना समोरचा ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’, ‘लुक इंटू’ म्हणतो आणि आपण गडबडतो. ही गडबड महागातही पडू शकते. मीटिंग ‘पुट ऑफ’ झाली तर ती पुढे ढकलली आहे, तयारी चालू ठेवायची. ‘कॉल ऑफ’ झाली तर रद्दच.

सगळ्यात फसवा ‘ऑफ’. आपल्या डोक्यात ऑफ म्हणजे बंद. लाइट ‘गो ऑफ’ झाले तर ते गेले, इथवर ठीक. पण फायर अलार्म ‘गो ऑफ’ झाला तर तो बंद पडलेला नसतो, वाजायला लागलेला असतो. आणि दूध ‘गो ऑफ’ झालं तर नासलेलं असतं.

अशी क्रियापदं हजारोंनी आहेत, पण सगळी पाठ करायची गरज नाही. गार्डनर आणि डेव्हिस या अभ्यासकांनी २००७ साली ब्रिटिश इंग्रजीचा मोठा शब्दसंग्रह तपासला. त्यात जेवढे फ्रेजल व्हर्ब्ज आले, त्यांतला निम्म्याहून अधिक वापर फक्त १०० क्रियापदांचा होता. म्हणजे ‘गो ऑन’, ‘पिक अप’, ‘फाइंड आउट’ यांसारखी रोजची मंडळी आधी पक्की करावीत. तीही यादीतून नाही, तर वाक्यासकट. कारण एकेकाचे चार-चार अर्थ असतात. पाहुण्याला स्टेशनवरून ‘पिक अप’ करतात आणि नवी भाषाही ऐकून-ऐकून ‘पिक अप’ करतात.

व्याकरणाचा एक नियम तेवढा लक्षात ठेवण्यासारखा. ‘टर्न ऑफ द फॅन’ आणि ‘टर्न द फॅन ऑफ’ दोन्ही बरोबर. पण ‘फॅन’च्या जागी ‘इट’ आला की तो मधेच बसतो: ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ चालत नाही. ‘लुक आफ्टर’सारखी काही क्रियापदं मात्र मधे कोणालाच घेत नाहीत, आजीची काळजी घ्यायची तर ‘लुक आफ्टर हर’च.

आणि भारतातल्या बायोडेटांमध्ये हमखास सापडणारं ‘कोप अप विथ प्रेशर’? त्यातला ‘अप’ आपणच घुसवलेला आहे. मूळ इंग्रजीत नुसतं ‘कोप विथ’ आहे.