रॅगटाइम : ठेका आणि सूर
रॅगटाइम हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घडविलेले संगीत. पियानोवर डावा हात ठेका धरतो. उजव्या हाताचे सूर मुद्दाम मात्रेच्या आगेमागे पडतात. गोडी सारी या ओढाताणीत आहे. हेच काम फिडल आणि मँडोलिन वाटून घेतात. फिडल म्हणजे व्हायोलिनच. मँडोलिनच्या तारा जोडीजोडीने असतात, पण त्याच सुरांत लावलेल्या. म्हणून बोटांच्या जागाही त्याच. एकाने चाल घ्यावी, दुसऱ्याने ठेका सांभाळावा, मग अदलाबदल करावी. ‘मेपल लीफ रॅग’चे (१८९९) कर्ते स्कॉट जॉप्लिन बजावीत की, हे संगीत भरधाव वाजवू नये. घाई केली की ठेका व सूर यांतील अंतर ऐकूच येत नाही. यंत्रापाशी उभ्या राहिलेल्या कामगाराला हे निराळे सांगावे लागत नाही : वेग वाढविला की माल वाढतो, कसब मरते.