मॅरेथॉनचा मार्ग कसा मोजतात?

इंग्लंडमधील मँचेस्टर मॅरेथॉनचा २०१३ ते २०१५ चा मार्ग ३८० मीटरांनी तोकडा होता, हे २०१६ साली उघड झाले आणि सुमारे २४,००० धावपटूंच्या वेळा बाद ठरल्या. घाम मात्र खराच गाळलेला! मनगटावरील घड्याळावर विसंबणाऱ्या आपल्या सभासदांसाठी म्हणून हे लिहितो.

अधिकृत मोजणी सायकलने होते. पुढच्या चाकाला ‘जोन्स काउंटर’ हे गणकयंत्र बसवतात. पोलादी फितीने मोजलेल्या, किमान ३०० मीटरांच्या सरळ पट्ट्यावर आधी चार व नंतर चार फेऱ्या मारून किलोमीटरला किती आकडे पडतात ते ठरवतात. ऊन चढले की टायर फुगतो, आकडे कमी पडतात. म्हणून नंतरच्या फेऱ्या. आम्ही बालरोगतज्ज्ञ बाळाला ठेवण्यापूर्वी काटा शून्यावर आणतो, कारण औषधाची मात्रा वजनावर ठरते. त्यातलाच हा प्रकार.

मोजताना वळणावर कडेपासून ३० सेंटीमीटर राखून सर्वांत जवळची रेषा धरतात. शिवाय मार्ग तोकडा भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर, म्हणजे मॅरेथॉनला सुमारे ४२ मीटर, जादा ठेवतात. प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षे. मध्येच नव्या दुभाजकाने मार्ग बदलला, तर पुन्हा मोजणी.