काल इको केला, मग आज परत कशाला?

"काल टूडी इको नॉर्मल आला होता ना? मग आज परत? बिल वाढवायचं काम!" आयसीयूच्या दारात हे इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. राग नातेवाइकांचा नाही. त्यांना वेळेवर कुणी समजावून सांगत नाही, त्याचा.

ओपीडीतल्या इकोत झडपा, स्नायू, जुना दोष पाहतात. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला प्रोब लावतो तेव्हा प्रश्न एकच असतो: बीपी का पडतंय? रक्तवाहिन्या सैलावल्यात, शरीरात पाणी कमी आहे, हृदय दमलंय, की हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साचलंय? मॉनिटरवरचा आकडा चारही वेळा तोच, उपचार मात्र चार. दमलेल्या हृदयावर सलाइनचा मारा केला तर पाणी फुप्फुसात उतरतं.

शिवाय उत्तर काही तासांत बदलतं. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्ग शरीरभर भिनतो तेव्हा, काल नीट आकुंचन पावणारं हृदय आज ढिलं पडतं आणि पेशंट सावरला तर बहुधा आठ-दहा दिवसांत पूर्ववतही होतं. व्हेंटिलेटर दाबाने हवा भरतो, त्याचा भार हृदयाच्या उजव्या बाजूवर येतो. एआरडीएसच्या, म्हणजे फुप्फुसांना तीव्र सूज आलेल्या, 752 पेशंटवरचा एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 22 टक्के जणांत ही बाजू ताणाखाली होती. असं दिसलं की मशीनचा दाब बदलावा लागतो. कालचा रिपोर्ट इथे काय कामाचा?

बिलाची काळजी खरीच असते. म्हणून जरूर विचारा: कालपेक्षा आज काय बदललं, आणि त्यामुळे कोणता उपचार बदलला? या प्रश्नाचं उत्तर मिळायलाच हवं.

इकोबद्दलचे आणखी काही गैरसमजही कानावर येतात. "ईएफ 60, म्हणजे हृदय 40 टक्के निकामी." साफ चूक! निरोगी हृदयही एका ठोक्याला डाव्या कप्प्यातलं साधारण 55 ते 70 टक्केच रक्त बाहेर टाकतं; हाच आकडा म्हणजे ईएफ. पॅरिसमधल्या 2011 च्या अभ्यासात तर एक्मोचा, म्हणजे हृदय-फुप्फुसांचं काम तात्पुरतं करणाऱ्या मशीनचा, फ्लो अगदी कमी केल्यावर ईएफ 20-25 टक्क्यांच्या वर आणि इकोची इतर मापं ठीक असलेल्यांचं मशीन निघू शकलं.

"रोज इको म्हणजे रोज रेडिएशन." नाही, या ध्वनिलहरी आहेत, गरोदरपणातल्या सोनोग्राफीतही त्याच असतात.

"ईसीजी झाला, आता इको नको." ईसीजी विद्युतप्रवाह दाखवतो, इको हालचाल.

"व्हेंटिलेटरवर इको नीट दिसतच नाही." फुगलेलं फुप्फुस आड येतं, हे खरं. तेव्हा प्रोब अन्ननलिकेतून, थेट हृदयाच्या पाठीमागे नेतात.