व्हरांड्यातली दुकानदारी आणि आपल्या लेकी-सुना

धर्मापुरीच्या आठवडी बाजारात गठ्ठा सोडून बसणाऱ्या कापडवाल्याला एक गोष्ट लवकर कळते. माल पसंत करते बाई, भावात घासाघीस करते बाई, आणि पैसे मोजायची वेळ आली की ती मागे वळून नवऱ्याकडे नाहीतर पोराकडे पाहते. आम्ही तीसेक वर्षे हे पाहत आलो आणि त्यात आम्हाला कधी वावगे वाटले नाही. गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्याच घरात आला, तेव्हा मात्र विचार करावा लागला.

आमची धाकटी सून अंबाजोगाईला पार्लरचे काम शिकून आली. दुकानामागच्या खोलीत आम्ही अस्तराचे आणि लुगड्यांचे गठ्ठे ठेवतो. ती खोली तिला हवी होती. आम्ही सरळ नाही म्हणालो. कारण गोदामाचे सांगितले, पण खरे कारण लोक काय म्हणतील हे होते. तिने उलट उत्तर दिले नाही. "अब्बा, शहनाज हुसेन यांनीसुद्धा घराच्या व्हरांड्यातच सुरुवात केली होती," एवढेच म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

शहनाज हुसेन हे नाव वाचकांना नवे नाही. त्यांच्या क्रीमच्या डब्या आपल्यापैकी कित्येकांच्या दुकानात आल्या आणि गेल्या. पण त्यांची हकिकत आम्ही त्या दिवसानंतरच नीट वाचली. जन्म हैदराबादचा. आजोबा मिर्झा समीउल्ला बेग निजामाच्या राज्यात मुख्य न्यायाधीश होते. म्हणजे आपला बीड जिल्हा ज्या राज्यात मोडत होता, त्याच राज्यात. वडील नासिरुल्ला बेग अलाहाबाद हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती झाले. पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न, लगेच एक मुलगी. इथपर्यंत आपल्या घरातल्या कोणत्याही मुलीसारखेच झाले. पती तेहरानला नोकरीवर गेले, तिथे या बाईंनी वर्तमानपत्रात लेख लिहून पैसे जमवले आणि त्या पैशांतून लंडन, पॅरिस, कोपनहेगन येथे सौंदर्यशास्त्राचे शिक्षण घेतले. परत आल्यावर दिल्लीत, १९७०च्या दशकात, वडिलांकडून ३५ हजार रुपये उसने घेऊन घराच्या व्हरांड्यात काम सुरू केले. न्यायमूर्तींची मुलगी होती, तिला पैसे मिळाले. आपल्या मुलींना कोण देणार, असे कोणी म्हणेल. म्हणणे बरोबर आहे. पण मुलीच्या जहेजवर आपण किती उडवतो तेही एकदा चोपडीत मांडून पाहावे.

व्यापारी म्हणून आम्हाला त्यांच्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की त्यांनी अनेक वर्षे जाहिरातीवर पैसा घातला नाही. समाधानी गिऱ्हाईक दुसरे गिऱ्हाईक आणते, हा आपल्या बाजारातला जुना हिशेब, त्यावरच त्यांनी कंपनी उभी केली. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. ठिकठिकाणच्या गृहिणींना त्यांनी शिकवले आणि आपापल्या घरातच आपल्या नावाचे सलून काढू दिले. जागेचे भाडे नाही, बाई घर सोडून जात नाही, घरच्यांचीही तक्रार कमी. माल कंपनीचा, हात त्या बाईचा, कमाई दोघींची. मग त्या स्वतः गावोगाव, देशोदेशी फिरल्या; लंडनच्या सेल्फ्रिजेससारख्या बड्या दुकानात हिंदुस्थानी जडीबुटीचा माल घेऊन उभ्या राहिल्या. १९९६ साली अमेरिकेच्या 'सक्सेस' मासिकाने त्यांचा गौरव केला, २००६ साली पद्मश्री मिळाली. मूकबधिर मुलींना त्यांनी हे काम मोफत शिकवले, याचे आम्हाला पद्मश्रीपेक्षा जास्त कौतुक आहे.

तसे पाहिले तर बाईचा व्यापार आपल्याकडे नवा कुठे आहे? मण्यारांच्या बायका बांगड्यांची टोपली घेऊन खेडोपाडी गेल्या, अत्तारांच्या घरातून सुरमा, मेंदी विकली गेली. घर चालले, पण हिशेब पुरुषाच्या नावावर राहिला. मेहेर बाईचा स्वतःचा हक्क आहे हे आपण निकाहात तोंडाने म्हणतो. तिच्या कमाईचेही तसेच आहे, हे म्हणताना मात्र जीभ अडखळते.

आता धंद्यातली सावधगिरी, कारण ती नसेल तर बाकी सगळे वाया. २०२३ साली अकोल्यात एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. कारण निघाले गोरे करणारे क्रीम. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या तपासणीत त्यात भरमसाट पारा सापडला. असा बिनपत्त्याचा माल जास्त कमिशनवर पार्लरवालीच्या गळ्यात बांधणारे फिरते विक्रेते आपल्या भागातही येतात. डबीवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत नसेल तर ती दुकानात ठेवू नये. आठ दिवसांत रंग उजळतो असे सांगणाऱ्याला तर पायरीवरूनच परत पाठवावे. आणि घरी मुलतानी माती-हळद कालवून गिऱ्हाईकाला लावणे वेगळे, तीच पाकिटात भरून विकणे वेगळे. विक्रीसाठी क्रीम, साबण बनवायचे तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. चांगल्या हाताच्या बायका इथेच फसतात, कारण त्यांना कोणी हे सांगत नाही.

सांगणारे असले की काय होते, हे सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला पाहायला मिळते. चेतना सिन्हा यांनी तिथे बायकांची बँक काढायला घेतली, तेव्हा सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला. बायका शिकल्या, परत गेल्या, आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवतो म्हणाल्या. १९९७ साली माणदेशी महिला बँक सुरू झाली. पुढे त्यांनी बसमध्येच धंद्याची शाळा थाटली. ती बस गावोगाव जाते, बाईला शाळेपर्यंत जावे लागत नाही. (व्याजाबद्दल ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे, आम्ही हिशेबापुरते बोलतो.) अशी बस परळी, धर्मापुरी, घाटनांदूर या पट्ट्यात फिरली तर पहिल्याच दिवशी भरेल, याची आम्हाला खात्री आहे.

आमच्या घरचे सांगायचे तर गठ्ठे वरच्या माळ्यावर गेले. एक आरसा, एक खुर्ची, एक पडदा, आणि दार गल्लीच्या बाजूचे, म्हणजे बायकांना दुकानातून यावे लागत नाही. पहिले दोन महिने कोणी फिरकले नाही. आम्ही मनात 'सांगितले होते' असे म्हणून घेतले. मग लग्नसराई आली. तिचे बँकेचे खाते तिच्या एकटीच्या नावावर आहे, त्यात किती आहे ते आम्ही विचारत नाही, तीही सांगत नाही. सोलापूरच्या खरेदीला या वेळी ती आमच्यासोबत आली होती. आम्ही चादरींचे भाव करत होतो, ती पलीकडच्या गल्लीत टॉवेलांचे. डझनामागे तिने आमच्यापेक्षा कमी भाव पाडला, हे आम्ही गाडीत बसेपर्यंत कबूल केले नाही.