‘उंची’ कशाची व कोठपासून? : युद्धविमानांच्या सिम्युलेटरांतील एका घोटाळ्याविषयी

कनेरगाव नाका हे हिंगोली जिल्ह्याच्या सीमेवरील गाव. पलीकडे वाशिम जिल्हा लागतो. 1956 पूर्वी मराठवाडा हैदराबाद राज्यात आणि वऱ्हाड मध्यप्रदेशात असल्यामुळे ही सीमा दोन राज्यांची होती. नाका म्हणजे वाटेवरील असे ठिकाण की, जेथे प्रवाशास आपला ठावठिकाणा सांगूनच पुढे जाता येते. विमानाच्या मार्गावरही असे नाके असतात. वैमानिक त्यांस ‘वेपॉइंट’ म्हणतात. आपण त्यांस मार्गबिंदू म्हणू. फरक इतकाच की, रस्त्यावरील नाक्याची उंची कोणी सांगत नाही. गाडी जमिनीवरूनच जाते आणि उंचीचा प्रश्न रस्त्यानेच सोडविलेला असतो. आकाशातील नाक्यास मात्र अक्षांश व रेखांश यांच्या जोडीस तिसरा आकडा द्यावा लागतो, आणि सारा घोटाळा या तिसऱ्या आकड्यात आहे.

याच गावच्या एका विद्यार्थ्याने हा घोटाळा माझ्यापुढे आणला. संगणकाच्या पडद्यावर युद्धविमानाचे यथातथ्य अनुकरण करणारे जे सिम्युलेटर आहेत, त्यांपैकी ‘डीसीएस वर्ल्ड’ या नावाच्या सिम्युलेटरचा त्यास नाद आहे. त्याची तक्रार अशी : मार्गबिंदू नकाशावर अचूक ठेवला असताही विमानाचा लक्ष्यदर्शक कॅमेरा त्या जागी न पाहता पलीकडे कोठेतरी पाहतो, आणि विमान जसजसे जवळ जाते, तसतशी ती पाहिलेली जागा जमिनीवरून सरकत आपल्याकडे येऊ लागते. तीन संध्याकाळी घालविल्यावर त्याने निष्कर्ष काढला की यंत्रणेतच दोष आहे. मी भाषेचा अध्यापक. यंत्राचे मला काय कळणार? परंतु त्याने दाखविलेल्या तक्त्यावरील शब्द वाचले, तेव्हा प्रश्न माझ्याच विषयातील आहे असे दिसून आले.

त्या सिम्युलेटरात महाराष्ट्राचा नकाशा नाही. म्हणून आपण कागदावरच हिशेब मांडू. कनेरगाव नाक्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सोयीसाठी 500 मीटर धरू. विमान 6000 मीटरवर आहे आणि नाका समोर 12 किलोमीटरांवर आहे. मोहीम रचणाऱ्याने या मार्गबिंदूपुढे 2000 हा आकडा लिहिला. त्याच्या मनातील अर्थ : ‘येथून विमानाने 2000 मीटरवरून जावे.’ काही विमानांच्या प्रतिकृतींत मात्र विमानातील संगणक हाच आकडा ‘येथील जमीन 2000 मीटर उंच आहे’ असा वाचतो. कॅमेरा आज्ञाधारकपणे गावाच्या दीड किलोमीटर वरच्या रिकाम्या हवेकडे रोखला जातो. हवेत पाहण्यासारखे काही नसल्याने दृष्टिरेषा पुढे जाते आणि जमिनीस भिडते. 12 किलोमीटरांत ती 4 किलोमीटर उतरली; उरलेले दीड किलोमीटर उतरण्यास तिला आणखी साडेचार किलोमीटर जावे लागते. म्हणजे नाक्याऐवजी साडेचार किलोमीटर पलीकडचे शिवार पडद्यावर दिसते. अंतर 4 किलोमीटर उरले की हीच चूक दीड किलोमीटरावर येते आणि बरोबर डोक्यावर आल्यावर शून्य होते. विद्यार्थ्यास जे सरकताना दिसले ते हेच. बॉम्ब सोडण्याचा क्षण संगणक याच आकड्यावरून ठरवीत असेल, तर तोही चुकतो हे उघड आहे.

उलट चूकही घडते. आकड्याच्या जागी शून्य राहिले, तर संगणक समुद्रसपाटी धरून चालतो. वरच्याच उदाहरणात दृष्टिरेषा तेव्हा नाक्याच्या एक किलोमीटर अलीकडेच जमिनीस लागते, आणि जवळ जाताना पाहिलेली जागा पुढे सरकते. सरकण्याची दिशा पाहिली तरी कोणती चूक झाली ते कळते. ही खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे. काळ्या समुद्राकाठच्या बातुमी येथील विमानतळ समुद्रसपाटीपासून फारच थोडा उंच. तेथे शिकलेल्यास शून्याची सवय बाधत नाही. तोच नेवाडातील नेलिस या सुमारे 570 मीटर उंचीच्या तळाकडे वळला म्हणजे फसतो. मुंबईकरास जे चालते ते मराठवाड्यात चालत नाही, असे विनोदाने म्हणता येईल. अर्थात समुद्रसपाटी हीसुद्धा निसर्गाने आखून दिलेली रेघ नव्हे. भारताच्या सर्वेक्षणात दीर्घकाळ वापरलेली सपाटी मुंबई व कारवार यांसह नऊ बंदरांवरील भरती-ओहोटीच्या नोंदींवरून ठरली आणि 1909 चे आधारतल म्हणून ओळखली गेली.

आता रडारकडे वळू. तेथेही ‘एलिव्हेशन’ हाच शब्द आहे. परंतु तो मीटर वा फुटांत मोजावयाचा नसून अंशांत मोजावयाचा आहे. रडारचा आकाशक क्षितिजाच्या वर वा खाली किती कलला, एवढेच तो सांगतो. एक अंशाचा कल 60 किलोमीटरांवर स्थूलमानाने एक किलोमीटर उंचीचा फरक पाडतो. 6000 मीटरवरील विमानाने आकाशक तीन अंश खाली केला, तर 60 किलोमीटरांवर किरणशलाकेचा मध्य सुमारे 3000 मीटर उंचीवर असतो आणि 20 किलोमीटरांवर सुमारे 5000 मीटरवर. पडद्यावरील दर्शक पुढेमागे केला की त्याच्या बाजूचे उंचीचे दोन आकडे बदलतात. आकाशक मात्र हललेला नसतो. नवशिका यास बिघाड समजतो. ज्या अंतरावर शत्रू आहे त्या अंतरावर दर्शक न नेता जो ते आकडे वाचतो, त्याच्या पडद्यावर समोरचे विमान उमटतच नाही. कोनास आपल्या ज्योतिषग्रंथांत ‘उन्नतांश’ हा नेमका शब्द आहे. तो असता कोन आणि उंची यांची गल्लत झालीच नसती, असे मला वाटते.

सिम्युलेटरात चुकले तर खेळ पुन्हा मांडता येतो. 7 जुलै 1962 रोजी मुंबईस उतरू पाहणारे आलितालियाचे विमान जुन्नर तालुक्यातील डोंगरावर आदळून 94 जण मृत्युमुखी पडले. आपण मुंबईच्या अधिक जवळ आलो आहोत या समजुतीने ते वेळेपूर्वीच खाली आले होते. जी उंची नाक्यापलीकडे निर्धोक, ती अलीकडे प्राणघातक ठरली. भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे असे उदाहरण मात्र 24 जानेवारी 1966 चे आहे. मुंबईहून दिल्ली व बैरुतमार्गे निघालेले एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे विमान जिनिव्हाकडे उतरताना माँ ब्लां पर्वतावर आदळले. डॉ. होमी भाभा यांच्यासह 117 जण त्यात गेले. विमानातील एक दिशादर्शक यंत्र नादुरुस्त होते. वैमानिकाने पर्वताच्या संदर्भात आपले स्थान चुकीचे धरले. जमिनीवरील नियंत्रकास रडारवर खरे स्थान दिसत होते व त्याने ते कळविलेही. परंतु पुरेशी नेमकी शब्दयोजना नसल्यामुळे वैमानिकाचा गैरसमज झाला, असे फ्रान्समधील चौकशीने नोंदविले. आपण पर्वताची धार ओलांडली आहे या समजुतीत तो उतरत राहिला. रडारने चूक ओळखली होती. ती दुरुस्त करण्यास वाक्य पुरे पडले नाही.

आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या परिभाषेत हा भेद पाळलेला आहे. ‘अल्टिट्यूड’ म्हणजे आकाशातील वस्तूची माध्य समुद्रसपाटीपासूनची उंची. ‘हाइट’ म्हणजे सांगितलेल्या कोणत्याही तलापासूनची. आणि ‘एलिव्हेशन’ म्हणजे भूपृष्ठावरील वा त्यास जोडलेल्या बिंदूची, समुद्रसपाटीपासूनची. मराठीत या तिन्हींस आपण सरसकट ‘उंची’ म्हणतो. तरीही मराठीची बाजू मला अगदीच लंगडी वाटत नाही. ‘उंची’ या शब्दामागे ‘-ची’ आणि ‘-पासून’ हे दोन प्रत्यय लावण्याची सोय आपल्याजवळ आहे, आणि रेल्वे स्थानकांच्या पाट्यांमुळे ‘समुद्रसपाटीपासून’ हा शब्द शाळकरी मुलासही परिचित आहे. मुद्दा ते प्रत्यय न गाळण्याचा आहे. संक्षेपच हवा असेल, तर जमिनीच्या उंचीस ‘तळउंची’, विमानाच्या उंचीस ‘उड्डाणउंची’ आणि रडारच्या कोनास ‘उन्नतांश’ असे तीन शब्द मी सुचवितो. ‘तळउंची’ प्रथम कानास खटकेल. शब्द कानाला गोड लागण्यापेक्षा दुसऱ्या अर्थाने वाचता न येणे येथे अधिक महत्त्वाचे आहे.

विद्यार्थ्याने आपल्या तक्त्यावर आकड्यांच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने आखले : ‘कशाची’ आणि ‘कोठपासून’. लक्ष्याच्या मार्गबिंदूपुढील उड्डाणउंची खोडून त्याने तेथील तळउंची लिहिली. पुढच्या खेपेस विमान 12 किलोमीटरांवरून जवळ येईपर्यंत कॅमेऱ्यातील जागा हलली नाही.